चिंचेवरचा जिन

आम्ही सोलापुरात उर्दू माध्यमाच्या एका शाळेत विज्ञान आणि गणित शिकवतो. आमच्या घरात एकटा माणूसही स्वतःला 'हम' म्हणतो, त्यामुळे मराठीत लिहायला बसले की लेखणीतून 'आम्ही'च उतरते. वाचकांनी तो मोठेपणा समजू नये. मिरवावे असे आमच्याजवळ फारसे काही नाही. बी.एड.ची पदवी आहे आणि गच्चीवर चौदा कुंड्या आहेत. वड तीन, पिंपळ दोन, बोगनवेल दोन, जेड दोन, आणि उंबर, डाळिंब, कामिनी, अडेनियम, चिंच प्रत्येकी एक. सगळी बोन्साय. सर्वांत उंच झाड हातभर. शाळेत याला 'टीचरचा शौक' म्हणतात, सासूबाई 'खेळ' म्हणतात. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून आमचे मियाँ एकदा टाकीकडे बघतात, एकदा कुंड्यांकडे बघतात आणि गप्प बसतात.

बोन्साय हा शब्द मराठीत झाडापेक्षा टोमणा मारायलाच जास्त वापरला जातो. खुरटलेले, दाबून ठेवलेले काही दिसले की लोक म्हणतात, बोन्साय केले. काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात एका वक्त्याने उर्दू शाळांविषयी बोलताना हाच शब्द वापरला. म्हणाले, "तुम्ही मुलांचं बोन्साय करून ठेवता." टाळ्याही पडल्या. आम्ही मागच्या रांगेत होतो. राग यायला हवा होता, पण मनात पहिल्यांदा आले ते एवढेच की, या साहेबांनी कधी बोन्साय वाढवलेले दिसत नाही.

शब्द जपानी आहे. 'बोन' म्हणजे तबकासारखी उथळ कुंडी आणि 'साय' म्हणजे लावलेले झाड. कला मूळची चीनची, जपानने ती आपली केली. लोकांना वाटते, झाडाला उपाशी ठेवले की ते लहान राहते. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला हे ऐकवत नाही. उपाशी झाड लहान राहत नाही, मरते. उथळ कुंडीत माती ती किती! तिच्यातले अन्न पाण्याबरोबर वाहून जाते, म्हणून जमिनीतल्या झाडापेक्षा कुंडीतल्या झाडाला खत जास्त वेळा आणि थोडे थोडे द्यावे लागते. उंची आवरली जाते ती शेंडे खुडल्याने आणि मुळे छाटल्याने. दोन-तीन वर्षांनी झाड कुंडीतून बाहेर काढायचे, मुळांचा गोळा मोकळा करायचा, बाहेरची सुमारे एक तृतीयांश मुळे कापायची आणि नव्या मातीत परत लावायचे. कापलेल्या जागी बारीक तंतुमुळे फुटतात, पाणी शोषण्याचे खरे काम तीच करतात. हे कोणी केलेच नाही तर मुळे कुंडीच्या कडेने गोल गोल फिरून एकमेकांना आवळतात, पाणी आत शिरत नाही आणि झाड पिवळे पडू लागते. कुंडी लहान असण्याचा झाडाला तेवढा त्रास नसतो, जेवढा वर्षानुवर्षे कुंडीत कोणी हात न घालण्याचा असतो. उर्दू शाळांविषयी बोलायचे तर इथून बोलावे, असे आम्हाला वाटते. असो.

आमच्या झाडांत चिंच सर्वांत जुनी. ती आमच्याच वयाची आहे. १९८८ च्या उन्हाळ्यात, रमजानच्या महिन्यात आमचा जन्म झाला. अब्बा तेव्हा यंत्रमागावर टॉवेल विणत. चाळीत एक खोली आणि पुढे अरुंद ओटा. इफ्तारच्या चटणीसाठी भिजवलेल्या चिंचेतला एक चिंचोका त्यांनी डालड्याच्या रिकाम्या डब्यात टोचला. अंगण असते तर ते रोप अंगणात गेले असते, आणि आज त्याच्या सावलीत रिक्षा उभ्या राहिल्या असत्या. अंगण नव्हते म्हणून रोप डब्यात राहिले. डबा गंजला की दुसरा डबा. शेंडा खिडकीच्या गजाला लागला की अब्बा तो खुडत, आणि अम्मा तो कोवळा चिगूर डाळीत टाकी. दहा-बारा वर्षांनी कोणीतरी त्यांना एका मासिकात बोन्सायची छायाचित्रे दाखवली. अब्बा हसून म्हणाले, "लो! ये तो अपने घर में कब का है!" गरिबीने जे करून ठेवले होते, त्याला जपानी नाव निघाले.

मग मात्र ते त्याच्या नादाला लागले. तार त्यांनी कधी विकत घेतली नाही. फांदी खाली आणायची असेल तर तिला सूत बांधून ते कुंडीच्या काठाला ओढून धरायचे आणि काही दिवसांनी ताण थोडा वाढवायचा. ताणाचे गणित विणकराला शिकवावे लागत नाही. गाठही मागावरचीच, छोटी, चपटी, आपोआप न सुटणारी. त्यांनी चिंचेला सरळ उभे वाढवले. दोन्ही बाजूंना फांद्या, वर गोल छत्री. पूर्वी हमरस्त्यांच्या कडेला जुन्या चिंचा असत, अगदी तशी. अरबांनी या झाडाला 'तमर हिंदी' म्हणजे हिंदचा खजूर म्हटले, इंग्रजी नाव त्यावरूनच आले. झाड मूळचे मात्र आफ्रिकेचे. आज चिंचेला परकी म्हणणारा माणूस आम्हाला अजून भेटलेला नाही.

हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. म्हणून रमजान दर वर्षी थोडा अलीकडे सरकतो आणि साधारण तेहेतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून पुन्हा पहिल्या जागी येतो. आमच्या झाडांना मात्र सूर्याचेच वर्ष कळते. फेब्रुवारी-मार्चमध्ये चिंचेची जुनी पाने गळतात आणि नवे डोळे फुगू लागतात, तेव्हा तिची कुंडी बदलायची. सोलापूरची काळी माती ज्वारीला चांगली, कुंडीला नाही. पावसात तिचा चिखल होतो आणि उन्हाळ्यात ती भेगाळते. म्हणून आम्ही विटांचा चुरा चाळून घेतो, त्यात जाडी वाळू, कुजलेला पाला आणि थोडी निंबोळी पेंड घालतो. विटांची उणीव नाही. पेठेत रोज कुठले ना कुठले जुने घर पडत असते.

एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ अंशांवर जातो. तेव्हा कापाकापी बंद. हिरव्या जाळीची सावली करायची, कुंड्या तापलेल्या फरशीवरून उचलून विटांवर ठेवायच्या, भोवती ओले गोणपाट गुंडाळायचे. पाणी दोनदा, फजरच्या नमाजनंतर एकदा आणि असरनंतर एकदा. उन्हाळ्यातला रमजान असेल तर कुंड्यांना दोनदा पाणी आणि आम्हाला एकदाही नाही! रोज्यात कोरड्या घशाने चौदा कुंड्यांना पाणी घालणे हाही सबरचाच एक धडा आहे. मृग लागला की वड, पिंपळ आणि उंबराची पाळी. त्यांच्या मुळांचे काम या हवेत निभावते. ज्या वर्षी मुळांना हात लावायचा नसतो, त्या वर्षी वडाची पाने देठ ठेवून कापून टाकायची. नवी पाने येतात ती आकाराने लहान येतात. आमच्या वर्गातली काही मुले एकदा हे काम बघायला आली होती. एक मुलगा बराच वेळ बघून म्हणाला, "टीचर, इसकू दुखता नै क्या?" झाडाला मज्जासंस्था नसते हे आम्ही त्याला सांगितले. त्याला ते पटले नाही, आणि त्याचे न पटणे आम्हाला आवडले.

पावसाळा हा डोळ्यांत तेल घालून बघण्याचा ऋतू. आमच्याकडे खरा पाऊस सप्टेंबरात, उत्तरा-हस्तात पडतो. तेव्हा फांद्या इतक्या भराभर जाडावतात की बांधलेली तार किंवा सूत काही आठवड्यांत सालीत रुतते. आठवड्याला एकदा प्रत्येक फांदी हातात घेऊन बघावी लागते. रुतलेल्या धाग्याचा वण वर्षानुवर्षे राहतो. हिवाळ्यात वाढ मंदावते. मग संध्याकाळी कागद-पेन्सिल घेऊन बसायचे, प्रत्येक झाडाचे चित्र काढायचे आणि पुढच्या वर्षी कुठली फांदी ठेवायची, कुठली नाही, ते ठरवायचे. उत्तरपत्रिका तपासण्यापेक्षा हे काम अवघड आहे. उत्तरपत्रिकेत निदान उत्तर आधीच ठरलेले असते.

२०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत अब्बा गेले. रमजान होता आणि उन्हाळाही. आमच्या जन्मापासून निघालेला रमजान सगळे ऋतू फिरून नेमका त्याच जागी आला होता. चाळिसाव्यानंतर अम्माने चिंच आमच्या घरी पाठवली. तिच्या डाव्या फांदीला अब्बांनी फेब्रुवारीत बांधलेले सूत तसेच होते. सप्टेंबरच्या पावसात ते सालीत रुतू लागले. अब्बांच्या हातची ती शेवटची गाठ होती. दोन दिवस आम्ही कात्री नुसती उशाशी ठेवली. तिसऱ्या दिवशी गाठ न उसकटता तिच्या बाजूने सूत कापले. फांदी हलली नाही. त्यांनी जिथे ओढून ठेवली होती तिथेच राहिली.

पुढच्या वर्षी ईद ३ मे रोजी झाली आणि पाठोपाठ वळीव आला. सोलापूरचा वळीव पाण्यापेक्षा वाऱ्याचा असतो. कुठल्या तरी गच्चीवरचा पत्रा उडाला आणि आमच्या कुंड्यांवर आदळला. तेरा झाडे वाचली. चिंचेचे खोड निम्म्यावर मोडले. शेंडा गेला, छत्री गेली, उजवी फांदी गेली. राहिला तो एक टोकदार खुंट आणि ती डावी फांदी.

अम्मा फोनवर रडली. म्हणाली, "जैसा था वैसा कर दे, बेटा." सासूबाईंचे मत याच्या अगदी उलट. मोडलेले झाड घरात ठेवू नये, आणि चिंच तर मुळीच नाही, कारण चिंचेवर जिन्न राहतात. चिंचेची पाने संध्याकाळी मिटतात. पाने मिटणे ही झाडाची रोजची क्रिया आहे, आम्ही ती वर्गात शिकवतो. पण मगरिबनंतर गच्चीवर गेलो आणि हात जोडल्यासारखी मिटलेली पाने बघितली की, लोकांना असे का वाटले असेल तेही समजते.

जसे होते तसे करणे शक्य नव्हते. खोडाच्या वरच्या निम्म्या भागाला तेहेतीस वर्षे लागली होती. काही दिवस आम्ही काहीच केले नाही. मोडलेल्या झाडाला लगेच कापायचे नसते, खतही द्यायचे नसते. सावली, पाणी आणि वाट बघणे. जूनमध्ये डाव्या फांदीवर नवे डोळे फुटले. ते चार महिने आम्ही एकही शेंडा खुडला नाही. पाने अन्न तयार करतात तेव्हाच जखम भरते, त्यामुळे झाडाला हवे तसे पसरू दिले. ते वर्ष आणि पुढचेही वर्ष चिंच झिंज्या सोडल्यासारखी दिसत होती. बघायला येणारे म्हणत, यात बोन्साय कुठे आहे?

प्रश्न खुंटाचा होता. बहुतेकांचा सल्ला होता की, तो कापून सपाट करावा, म्हणजे मोडल्याचे कळणार नाही. जपानी लोक मात्र अशा मेलेल्या फांदीची साल काढून तिचे पांढरे लाकूड झाडावर राहू देतात. डोंगरावर वीज पडलेल्या, बर्फाने मोडलेल्या जुन्या झाडांवर अशी लाकडे दिसतात. त्या उघड्या लाकडाला ते म्हणतात 'जिन'. हा शब्द कानावर पडताच सासूबाईंनी तस्बीह हातात घेतली. जपानी जिन वेगळा आणि आपला जिन्न वेगळा, हे त्यांना पटवण्यात आमचे बी.एड. कामी आले नाही.

चिंचेचे लाकूड मोठे चिवट. खाटकाच्या दुकानातला ओंडका बहुधा चिंचेचाच असतो, रोजचे घाव सोसणारा. २०२३ च्या हिवाळ्यात खुंट पूर्ण सुकला तेव्हा आम्ही त्याची साल काढली आणि त्याला चुना-गंधकाचे द्रावण लावले. बागायतदार बुरशीसाठी वापरतात तेच. त्याने लाकूड पांढरे पडते आणि लवकर कुजत नाही. वास मात्र सडक्या अंड्यांचा. तो जिन्यावरून खाली स्वयंपाकघरात पोहोचला आणि सासूबाईंचा आवाज आला, "आ गया!"

२०२४ च्या फेब्रुवारीत कुंडी बदलली. डावी फांदी आता खोड व्हायची होती, म्हणजे ती वर उभी राहायला हवी होती. तार गुंडाळून ती वर वाकवता आली असती. पण जी फांदी अब्बांनी सुताने खाली आणली होती, ती तारेने उलटी ओढायला हात होईना. आम्ही मुळे छाटून सगळे झाडच उजवीकडे कलते लावले. झाड कलते झाल्याबरोबर डावी फांदी बरीचशी वर आली. उरलेले वळण तिच्या शेंड्याने उजेडाकडे जाताना स्वतःच घेतले. जपानी भाषेत या कलत्या घडणीला 'शाकान' म्हणतात. अब्बांची सरळ उभी चिंच आता राहिलेली नाही. जी आहे तिच्यात त्यांची फांदी आहे, आणि मोडल्याची खूण कोणालाही दिसेल अशी आहे.

हे सगळे करताना एक झाड सारखे आठवत होते. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात बोन्सायचे संग्रहालय आहे. तिथे एक जपानी पांढरा पाइन आहे. १६२५ पासून त्याची जोपासना होत आली आहे असे सांगतात. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षे झाली तेव्हा, १९७६ मध्ये, जपानने भेट दिलेल्या बोन्सायांत मासारू यामाकी यांनी दिलेले हे झाड होते. २००१ मध्ये यामाकींचे नातू ते बघायला आले आणि मग सगळ्यांना कळले की, हे झाड हिरोशिमाचे आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी बॉम्ब पडला, तेव्हा ते स्फोटाच्या जागेपासून सुमारे तीन किलोमीटरवर यामाकींच्या रोपवाटिकेत एका भिंतीआड उभे होते. पंचवीस वर्षे परक्या देशातले, त्याच बॉम्ब टाकणाऱ्या देशातले लोक त्याला पाणी घालत होते, पाने निवडत होते. पहिला शेंडा खुडणारा माणूस कोणत्या विचाराने तो खुडत होता, हे आता कोणाला विचारणार? त्याच्यानंतर कितीतरी हातांनी आपापल्या काळात त्या झाडाला सावरले असेल. अब्बांच्या झाडावर कात्री चालवायची हिंमत आम्हाला तिथून मिळाली.

शाळेतही तेव्हा मोडलेलेच सावरायचे काम चालू होते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी शहरातले आठवीपासून पुढचे वर्ग पुन्हा उघडले. नववीत एक मुलगी परत आली. मधल्या काळात ती गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात काजे-बटणे करत होती. सोलापुरात शिवलेले गणवेश दूरदूरच्या शाळांत जातात. स्वतः शाळेबाहेर राहून तिने किती मुलांना शाळेत धाडले असेल! वाचनात ती मागे पडली होती, बीजगणित साफ विसरली होती. पण कापड किती लागेल, एका डझनाला किती वेळ जाईल, किती मजुरी होईल, हे ती तोंडी सांगे. सातवीतली तिची हुशारी आठवून हळहळणारे पुष्कळ होते. आम्ही तिचे गणित मापांपासून आणि मजुरीपासून परत सुरू केले. २०२३ मध्ये ती दहावी झाली. झाडाचे नियम मुलांना लावू नयेत हे आम्ही जाणतो. मुलाला तार बांधता येत नाही आणि बांधूही नये. पण जे मोडले त्याच्याकडे बघत बसण्याऐवजी कुठे डोळा फुटतो आहे ते बघावे, एवढे गच्चीवरून वर्गात न्यायला हरकत नसावी.

२०२५ च्या मार्चमध्ये, रमजानात, अम्मा आमच्याकडे राहायला आली. वादळानंतर तिने चिंच बघितली नव्हती. असरनंतर आम्ही पाणी घालायला गेलो तेव्हा ती हळूहळू जिना चढून आली आणि कुंडीपुढे स्टूल घेऊन बसली. पांढऱ्या खुंटाला तिने हात लावला नाही. फांदीच्या बुंध्यापाशी बोट नेऊन म्हणाली, "ये तो उनकी बांधी हुई है." आम्ही हो म्हणालो. जैसा था वैसा का नाही केले, हे तिने विचारले नाही. नव्या पालवीने झाड भरले होते, पोपटी आणि तजेलदार. बराच वेळ बघून झाल्यावर ती म्हणाली, "डाळीत टाकायला थोडा चिगूर निघेल का?"

शेंडे खुडायचेच होते. मूठभर निघाला. त्या संध्याकाळी डाळ थोडी आंबटसर झाली. डाळीत काय घातले आहे ते आम्ही सांगितले. सासूबाईंनी एकदा वर जिन्याकडे पाहिले, बिस्मिल्ला म्हटले, आणि दुसऱ्यांदा वाढून घेतली.